साठीची बुद्धी : एका आजाराचे बारसे आणि त्यानंतर

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात दोन स्वतंत्र विधाने दडलेली आहेत, हे लक्षात येत नाही. पहिले विधान असे की वय झाले की बुद्धी जाणारच. दुसरे विधान उघड बोलले जात नाही, पण गृहीत धरलेले असते : जाणारच असेल, तर त्यावर काही करण्यासारखे नाही. घरातल्या म्हातारीने भाजीत दोनदा मीठ घातले, निवृत्त शिक्षकाला नेहमीच्या बाजारातून घरचा रस्ता सापडेना, आजोबा रात्री अडीच वाजता शाळेला निघाले, की आपण 'वय झालं' म्हणतो आणि विषय संपतो. 'म्हातारचळ' हा शब्द त्याहून कठोर आहे. त्यात आजारापेक्षा स्वभावदोषाचाच आरोप अधिक.

या म्हणीला केवळ लोकभ्रम समजून हसण्याचे कारण नाही. विसाव्या शतकातील निदान साठ वर्षे युरोप-अमेरिकेतील वैद्यकशास्त्रही थोड्या जड भाषेत हेच सांगत होते. वार्धक्यातला स्मृतिभ्रंश हा वयाचा परिणाम आणि प्रौढ माणसाचा मेंदू हा एकदा घडून पक्का झालेला अवयव, या दोन समजुतींनी मिळून लाखो वृद्धांना दवाखान्याबाहेर ठेवले. त्या समजुती कशा तयार झाल्या, कशा ढासळल्या आणि ढासळताना मेंदूच्या आरोग्याबद्दल काय शिकवून गेल्या, हे पाहण्यासारखे आहे. ही गोष्ट सुरू होते ती एका एकावन्न वर्षांच्या बाईपासून. म्हणजे साठीचा प्रश्नच नव्हता.

फ्रँकफुर्टची ऑगस्ट डी.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर या स्त्रीला दाखल करण्यात आले. नवरा रेल्वेत कारकून. संसार व्यवस्थित चाललेला. काही महिन्यांपूर्वी तिला अचानक नवऱ्याच्या वागण्याचा संशय येऊ लागला, मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवल्या जाऊ लागल्या, आणि ओळखीची माणसे परकी वाटू लागली. दुसऱ्या दिवशी तिला तपासायला आलेले डॉक्टर सदतीस वर्षांचे होते. त्यांचे नाव आलोइस अल्झायमर.

त्यांनी केलेल्या नोंदी आज उपलब्ध आहेत आणि त्या वाचवत नाहीत. नाव विचारले तर ती 'ऑगस्ट' सांगते. आडनाव विचारले तरी 'ऑगस्ट'. नवऱ्याचे नाव विचारल्यावर थोडा विचार करून पुन्हा 'ऑगस्ट'. जेवणात फुलकोबी आणि डुकराचे मांस खात असताना, काय खातेस म्हटले की ती पालक म्हणते. नाव लिहायला सांगितले, तर सुरुवात करून मधेच विसरते, आणि आपण आपल्यालाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटते. आपले काहीतरी जाते आहे, हे तिला कळत होते.

अल्झायमर पुढे म्यूनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत गेले, पण या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी अंथरुणाच्या जखमा चिघळून ती वारली तेव्हा तिचा मेंदू आणि कागदपत्रे त्यांनी म्यूनिकला मागवून घेतली. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची नवी पद्धत तेव्हा हाती आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन गोष्टी दिसल्या : मज्जापेशींच्या बाहेर साचलेल्या कसल्याशा द्रव्याच्या पुटकुळ्या, म्हणजे प्लाक, आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळे मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही.

ऑगस्टची ती निळ्या पुठ्ठ्यातली फाईल पुढे हरवली. ती सापडली १९९५ च्या डिसेंबरात, फ्रँकफुर्टच्याच दप्तरात.

बारसे झाले, पण कोणाचे?

आजाराला नाव मिळाले ते १९१० मध्ये. क्रेपेलिन यांनी आपल्या मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत 'अल्झायमरचा आजार' असा उल्लेख केला. त्या काळी क्रेपेलिन यांचे पुस्तक म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द होता, त्यामुळे नाव लगेच रूढ झाले. मात्र त्यांनी हा आजार वार्धक्यपूर्व स्मृतिभ्रंशात घातला. चाळिशी-पन्नाशीत होतो तो अल्झायमर, सत्तरीत होते ते म्हातारपण, अशी वाटणी झाली.

ही वाटणी करताना एक पुरावा बाजूला पडला. प्राग येथील ऑस्कर फिशर या संशोधकाने १९०७ मध्येच वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या सोळा रुग्णांचे मेंदू तपासले होते, आणि त्यांतल्या बारांत त्याला तेच प्लाक सापडले होते. म्हणजे एकावन्न वर्षांच्या ऑगस्टच्या मेंदूत जे होते, तेच म्हाताऱ्यांच्या मेंदूतही होते. फिशर यांचे काम अल्झायमर यांच्या एका रुग्णापेक्षा व्यापक होते, पण प्रागच्या शाळेला म्यूनिकइतके वजन नव्हते. पुढे ज्यू म्हणून फिशर यांची रवानगी टेरेझीनच्या छळछावणीत झाली आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव जवळजवळ पुसले गेले.

खुद्द अल्झायमर यांना या बारशाबद्दल खात्री नव्हती. १९११ मधल्या लेखात त्यांनी, हे रुग्ण म्हणजे वेगळा आजार मानायला पुरेसे कारण दिसत नाही, ही वार्धक्यातल्या स्मृतिभ्रंशाचीच लवकर उद्भवलेली रूपे असावीत, अशा आशयाचे मत मांडले. १९१५ मध्ये ते वारले. शंका त्यांच्याबरोबर गेली, वर्गवारी मात्र राहिली.

वर्गवारी हा कागदावरचा मामला वाटतो, पण तिचे परिणाम माणसांवर होतात. 'वार्धक्यपूर्व' आजार दुर्मीळ, म्हणून त्यावर संशोधनाला पैसा नाही. 'वार्धक्यातला' प्रकार सर्रास, पण तो आजारच नाही, म्हणून त्यावरही नाही. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाला मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचे ठोकळ कारण दिले जाई आणि रुग्ण मोठ्या इस्पितळांच्या मागच्या वॉर्डात शेवटपर्यंत पडून राही. आपली म्हण आणि त्यांचे पाठ्यपुस्तक इथे एकाच मुक्कामाला पोचले होते.

पक्का झालेला मेंदू

दुसरी समजूत वेगळ्या वाटेने आली. तिचे मूळ मेंदूच्या रचनेविषयीच्या एका थोर शोधात आहे.

१८७३ मध्ये इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी काळ्या रंगात उठवण्याची युक्ती शोधली. तिचे वैशिष्ट्य असे की ती शेकड्यातल्या मोजक्याच पेशी रंगवते, त्यामुळे दाट जंगलातले एखाददुसरे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत उठून दिसावे तशी अख्खी पेशी दिसते. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून हजारो तुकडे तपासले, हाताने अप्रतिम चित्रे काढली आणि निष्कर्ष काढला : मेंदू हे सलग विणलेले जाळे नाही, तो सुट्या पेशींचा समुदाय आहे. पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यात सूक्ष्म फट असते आणि संदेश ती फट ओलांडून जातो. त्या जागेला पुढे सिनॅप्स हे नाव मिळाले. गोल्जी यांना हे मान्य नव्हते. १९०६ मध्ये, म्हणजे ऑगस्ट डेटर ज्या वर्षी वारली त्याच वर्षी, दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि गोल्जी यांनी पारितोषिकाच्या भाषणातच काहाल यांचा सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला. खरे ठरले काहाल.

काहाल यांना मेंदूच्या लवचीकतेची जाण नव्हती असे नाही. माणूस मनावर घेईल तर आपल्या मेंदूचा शिल्पकार होऊ शकतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. शिकताना पेशींच्या फांद्या वाढत असाव्यात, अशीही त्यांची अटकळ होती. पण १९१३-१४ मधल्या ग्रंथात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले : प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे पेशी मरू शकतात, पण नव्या उगवत नाहीत. हा कठोर निकाल बदलणे शक्य असेल तर भावी विज्ञानाने बदलावा, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पुढच्या पिढ्यांनी निकाल पाठ केला आणि पुस्ती सोडून दिली.

या निकालाला पहिले धक्के दिले ते उंदरांनी. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील मार्क रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सोबती, खेळणी आणि चढण्या-उतरण्याच्या जागा असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यक, एकट्या रिकाम्या पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा जड आणि जाड असते. अनुभवाने मेंदूचे वजन बदलते, ही कल्पना त्या वेळी अनेकांना अचाट वाटली. त्याच दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूत नव्या पेशी तयार होत असल्याचे पुरावे दिले. ते जवळजवळ दुर्लक्षित राहिले. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी मानवी मेंदूतही, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात, प्रौढ वयात नव्या पेशी सापडल्याचे जाहीर केले. हा वाद मिटलेला नाही. २०१८ या एकाच वर्षात एका गटाने प्रौढ माणसात अशा पेशी जवळजवळ आढळत नाहीत असे सांगितले, तर दुसऱ्या गटाने त्या म्हातारपणापर्यंत आढळतात असे.

पेशी नव्या उगवोत वा न उगवोत, असलेल्या पेशींच्या जोडण्या आयुष्यभर बदलतात याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते डोक्यात बसवावे लागतात. २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे दाखवले. मूळचेच तसे मेंदू असलेली माणसे टॅक्सीकडे वळत असतील, ही शंका रास्त होती. म्हणून २०११ च्या अभ्यासात ७९ उमेदवारांची तपासणी शिकण्याआधी आणि नंतर अशी दोनदा झाली. जे ३९ उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच ही वाढ दिसली. सुरुवातीला सगळे सारखेच होते.

मोजदाद

म्हातारपण आणि आजार यांची सरमिसळ सोडवायला मोजदाद लागली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ या तिघांनी एक साधी पण कष्टाची गोष्ट केली. वृद्ध रुग्ण जिवंत असताना त्यांची स्मृती आणि रोजचे व्यवहार यांना गुण दिले, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतले प्लाक मोजले. १९६८ मध्ये त्यांनी दाखवले की प्लाक जितके अधिक, तितका स्मृतिभ्रंश अधिक. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या मेंदूत अल्झायमर यांनी वर्णन केलेलेच बदल प्रामुख्याने होते. कडक रक्तवाहिन्यांच्या माथी मारलेला गुन्हा बऱ्याच अंशी भलत्याचाच निघाला.

यातून जो निष्कर्ष निघत होता तो १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात स्पष्ट मांडला. पन्नाशीतला आणि ऐंशीतला अल्झायमर हे एकच आहेत; वयाची रेघ कृत्रिम आहे; आणि ती पुसली, तर हा आजार अमेरिकेतल्या मृत्यूच्या कारणांत चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतो. तोवर मृत्यूच्या सरकारी नोंदींत त्याला स्थानच नव्हते. फिशर यांनी १९०७ मध्ये जे पाहिले होते, ते मान्य व्हायला सुमारे सत्तर वर्षे लागली. नंतर या विषयाकडे सरकारी पैसा, रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटना आणि औषध कंपन्या, सगळेच वळले.

हिशेब जुळेना

मोजदाद सुरू झाली तसे काही मेंदू हिशेबात बसेनात. १९३० च्या दशकातच डेव्हिड रॉथशिल्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाला दिसले होते की काहींचा मेंदू पुष्कळ बिघडूनही माणूस बऱ्यापैकी चालतो, तर काहींचा थोडा बिघडला तरी माणूस कोसळतो. नुकसान सोसण्याची प्रत्येकाची ताकद वेगळी असावी, असे त्याचे म्हणणे होते.

१९८८ मध्ये कॅट्झमन आणि सहकाऱ्यांना याचा ठोस पुरावा मिळाला. एका शुश्रूषागृहातील १३७ वृद्धांचे मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासले. त्यांतले दहा जण जिवंतपणी चांगल्यापैकी शाबूत होते, तरी त्यांच्या मेंदूत अल्झायमरचे प्लाक भरपूर होते. फरक एवढाच की त्यांचे मेंदू वजनाने जास्त होते आणि त्यांत मोठ्या मज्जापेशींची संख्या अधिक होती. जणू शिल्लक जास्त असल्याने खर्च होऊनही खाते रिकामे झाले नव्हते. या शिलकीच्या कल्पनेभोवती पुढचे सगळे संशोधन उभे राहिले.

या संशोधनातला सर्वांत प्रसिद्ध अध्याय अमेरिकेतील 'नन स्टडी' हा आहे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये मिनेसोटात हा अभ्यास सुरू केला. एकाच धर्मसंघातील ६७८ ननांनी दरवर्षी स्मृतीची चाचणी द्यायला आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायला संमती दिली. संशोधकाच्या दृष्टीने हा समूह दुर्मीळ होता : सगळ्यांचे घर, जेवण, उत्पन्न, दवापाणी जवळजवळ सारखे, कोणी विवाहित नाही, कोणी धूम्रपान करणारे नाही. त्यातच मठाच्या दप्तरात त्यांनी विशीत, व्रत घेण्यापूर्वी लिहिलेली आत्मवृत्ते सापडली. ९३ जणींची आत्मवृत्ते तपासल्यावर १९९६ मध्ये दिसले की ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी होती, त्यांची स्मृती साठ वर्षांनंतर अधिक ढासळलेली होती. यावरून 'चांगले लिहा म्हणजे अल्झायमर टळेल' असा अर्थ काढणे चूक आहे. विशीतली ती साधी वाक्ये कमी शिलकीची खूण असतील, किंवा फार आधी सुरू झालेल्या बिघाडाचीही. पण वार्धक्यातल्या बुद्धीचा हिशेब तरुणपणापासून मांडावा लागतो, हे त्यातून ठळक झाले.

यांपैकी सिस्टर मेरी या १०१ वर्षे जगल्या. अखेरपर्यंत त्यांचे चाचणीतले गुण चांगले होते, आणि मेंदूत मात्र प्लाक आणि गुंते विपुल सापडले.

माझ्या मते नन स्टडीतला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष १९९७ चा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. ज्या ६१ ननांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल निश्चित होते, त्यांच्यातही सगळ्यांना स्मृतिभ्रंश झालेला नव्हता. मग फरक कशाने पडला? मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटून झालेल्या लहान लहान जखमांनी. ज्यांच्यात एकही जखम नव्हती, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांना स्मृतिभ्रंश होता. एक-दोन जखमा असलेल्यांत हे प्रमाण ९३ टक्के होते. जुन्या वैद्यांचा रक्तवाहिन्यांवरचा संशय सर्वस्वी खोटा नव्हता तर. त्या एकट्या गुन्हेगार नव्हत्या, सामील मात्र होत्या.

यामागचे कारण मेंदूच्या भुकेत आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा वापरतो. त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. पुरवठा काही मिनिटे तुटला, तरी पेशी मरू लागतात. वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, आणि त्यांच्या टोकाशी असलेले मेंदूचे कण निमूटपणे मरत जातात. हात-पाय लुळे पडत नाहीत, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

बल्लभगढ, हैदराबाद आणि आपण

हे सगळे शिकलेल्या, पाश्चात्त्य माणसांवरचे संशोधन. आपल्याकडे काय? १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ परिसरातील खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून अभ्यास केला. पहिली अडचण चाचणीचीच आली. वाक्य लिहा, तारीख सांगा, असे प्रश्न कधी शाळेतच न गेलेल्या माणसाला विचारून त्याला विस्मरण झाल्याचे ठरवणार कसे? म्हणून हिंदीत, निरक्षरांनाही देता येईल अशी चाचणी घडवावी लागली आणि रोजच्या कामांबद्दल घरच्यांना विचारण्याची वेगळी प्रश्नावली करावी लागली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले : ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे प्रमाण सुमारे एक टक्का, जगात नोंदलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. मुंबईत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ६५ वर्षांवरील स्मृतिभ्रंशाचे एकूण प्रमाण अडीच टक्क्यांच्या आतच होते.

हे आकडे आल्यावर हळदीपासून एकत्र कुटुंबापर्यंत सगळ्याला श्रेय देऊन झाले. संशोधक स्वतः सावध होते. आयुर्मान कमी असणे, आजार झाल्यावर रुग्ण फार न जगणे, धोका वाढवणाऱ्या जनुकाचे प्रमाण कमी असणे अशी कारणे त्यांच्यापुढे होती. आणखी एक शक्यता म्हणीकडेच परत नेते. ज्या घरात म्हाताऱ्याकडून कसलीच अपेक्षा नसते, तिथे त्याचे विसरणे कोणाच्या लक्षात येणार? पैशांचा हिशेब, स्वयंपाक, प्रवास सगळे मुला-सुनांनी हाती घेतलेले असते. आपल्या आदरातही आजार झाकला जातो.

काही असो, त्या आकड्यांवर आता विसंबून राहता येत नाही. वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. शाळेत कमी पाठवल्या गेलेल्या मुली आज साठीच्या पुढे आहेत, ही गोष्ट या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

एक दिलासा देणारा निष्कर्षही आपल्याकडचाच आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधील स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक निरक्षरांतही होता. म्हणजे शाळा हा शिल्लक वाढवण्याचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे. घरी एक, बाजारात दुसरी आणि कामावर तिसरी भाषा बोलणाऱ्या सोलापूरच्या वा बेळगावच्या माणसाला हे वाचून बरे वाटावे. मात्र अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. इतर ठिकाणच्या काही अभ्यासांत हा फायदा आढळलेला नाही.

मग करायचे काय?

फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर, ज्यांना धोका अधिक होता, दोन वर्षे प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, उरलेल्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर बारीक लक्ष, असे सगळे एकत्र. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात दुसऱ्या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक सुधारलेली होती. फरक मोठा नव्हता, पण साठीनंतरही काही करता येते हे नियमबद्ध प्रयोगातून दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मृतिभ्रंशाआधीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण सुमारे एकोणीस टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र निःसंशय म्हणण्याइतकी भरली नाही. आणि हा आकडा सर्वांनी घरच्या घरी गाठायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडण्याचा धोकाही असतो, ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या समितीने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली : कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि उपचार न केलेले दृष्टिदोष. ही सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा समितीचा अंदाज आहे.

ही यादी लक्षपूर्वक वाचली, तर तिच्यातले निम्मे काम एकट्या माणसाच्या हातातले नाही. मुलीला शाळेत कोणी पाठवले नाही, गावातल्या चुलीचा धूर, शहरातली हवा, दुचाकीवर हेल्मेटचा आळस, मोतीबिंदूची लांबलेली शस्त्रक्रिया, श्रवणयंत्राची किंमत आणि त्याची लाज, या सामाजिक गोष्टी आहेत. म्हणून 'मेंदू निरोगी ठेवा' या उपदेशाची एक अडचण आहे. जुनी म्हण रुग्णाला वयाच्या स्वाधीन करत होती. नवा उपदेश त्याला अपराधी ठरवू शकतो. ज्यांनी सगळे नियम पाळले, त्यांनाही अल्झायमर होतो. त्यांच्या घरच्यांना 'कोडी सोडवली नव्हती का?' असे विचारणे हा क्रूरपणा आहे.

कोड्यांचा तर वेगळाच बाजार आहे. मोबाईलवरच्या खेळांनी वार्धक्यातला ऱ्हास थांबतो अशा जाहिराती करणाऱ्या 'ल्युमॉसिटी'च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत वीस लाख डॉलर भरावे लागले. दाव्यांना आधार नव्हता. खेळाचा सराव केला की माणूस त्या खेळात तरबेज होतो, एवढे नक्की. औषधांचीही कथा संथच आहे. प्लाक साफ करणाऱ्या लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, पण ऱ्हास थांबवला नाही. काहींच्या मेंदूत सूज आणि रक्तस्राव आढळले. प्लाक हाच सगळा आजार असता, तर सिस्टर मेरींना काय म्हणायचे, हा प्रश्न तिथेही उभा आहे.

तरी म्हणीतले दुसरे विधान, काही करण्यासारखे नाही हे, आज टिकत नाही. 'वय झालं' म्हणून सोडून दिलेल्या विस्मरणामागे काही वेळा थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त असते. ही कारणे तपासणीत सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. अल्झायमरच निघाला, तरी निदान झाल्याने घरातला राग ओसरतो. सासूबाई मुद्दाम तेच तेच विचारत नाहीत, वडील हट्टाने खोटे बोलत नाहीत, हे कळणे सांभाळणाऱ्यालाही आणि सांभाळल्या जाणाऱ्यालाही मोकळे करते. १९०१ मध्ये ऑगस्टच्या नवऱ्याला हे सांगणारे कोणी नव्हते.

पहिल्या विधानाबद्दल एवढेच म्हणता येईल : वयाबरोबर धोका वाढतो, हे खरे, साठीत बुद्धी जातेच, हे खोटे. शब्द आठवायला थोडा वेळ लागणे हे वय आहे. शब्दच नव्हे, तर त्या वस्तूचे काय करायचे तेही आठवेनासे होणे हा आजार आहे. या दोहोंत फरक करायला वैद्यकशास्त्राला शतक लागले. आपल्या घरात तो करायला, पुढच्या वेळी म्हण ओठांवर येईल तेव्हा ती गिळून डॉक्टरांची वेळ घ्यावी लागेल, आणि जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी लागेल.